बासरीजोगी कवळी

गेली बावन्न वर्षे मी लोकांचे दात घडवीत आले आहे. मूल नावाच्या गावातील आमच्या दवाखान्याच्या पाटीवर माझ्या मुलाचे, डॉक्टर प्रफुलचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. दात काढणे, तोंडाचे माप घेणे, औषध लिहून देणे ही त्याची कामे. परंतु त्या मापावरून कवळी उभी करण्याचे काम मागच्या खोलीत होते, आणि मागच्या खोलीत माझा शब्द चालतो. नागपूरला हे काम शिकणाऱ्या आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी होते. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ठरवून टाकले होते की या घरातील मुलगी कोणाच्या मागे उभी राहणार नाही. त्यांचा शब्द मी पाळला आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. कवळी प्रथम मेणात उभी राहते. गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, ती कवळी पेशंटच्या तोंडात घालून पाहायची, हवे ते फेरफार करायचे, आणि सर्व मनासारखे झाल्यावर मेणाच्या जागी कायमचा मसाला भरून ती शिजवायची. एकदा शिजली की दात केसभरही सरकत नाही. म्हणून खरे काम मेणातच होते, आणि ते होते वॅक्स नाईफने. स्पिरिटच्या दिव्यावर पाते तापवायचे, गालाजवळ नेऊन आच जोखायची आणि पाते निवण्याच्या आत मेण हवे तसे वळवायचे. दोन श्वासांचा अवकाश मिळतो. माझ्या हाताला तो नेहमी पुरला आहे.

माझी नात दिव्या हेच शिक्षण घेऊन सहा महिन्यांपूर्वी परत आली, ती एक नवे हत्यार घेऊन. पेनाएवढा दांडा, त्याला वायर, वायरीला एक डबी आणि डबीवर आकडे. हवा तो आकडा लावला की टोक तेवढेच तापते आणि तेवढेच तापलेले राहते. इलेक्ट्रिक वॅक्स नाईफ म्हणतात त्याला.

"ज्याला आचेचा अंदाज नाही, त्याला आकडे लागतात," मी म्हणाले.

"हो आजी," ती म्हणाली, आणि खिडकीजवळच्या मेजावर त्याच हत्याराने काम करीत राहिली. मी मनाई केली नाही. तिचे काम स्वच्छ होते. तेही मी तिला सांगितले नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात देवाजी नेवारे आला. उमा नदीपलीकडच्या गावचा गोवारी, साठी ओलांडलेला, आयुष्यभर गावाची गुरे राखलेला. वरचे सर्व दात दोन वर्षांपूर्वीच गेलेले. खालचे मात्र बहुतेक शाबूत. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेली काठी होती. आमच्याकडे नियम आहे: पिशव्या, काठ्या आणि तंबाखूचा खर्रा, तिन्ही बाहेर.

"काठी बाहेर ठेवा," मी म्हणाले.

"हो बाई," तो म्हणाला, आणि ती बाकावर बायकोच्या मांडीवर ठेवून आला.

माप झाले. चार दिवसांनी मी मेणात बसवलेली कवळी घेऊन खुर्चीशी उभी राहिले. सहा पुढचे दात एका सुरेख कमानीत होते. मध्यरेषा नाकाच्या शेंड्याशी जुळत होती, आणि बसलेला वरचा ओठ भरून आल्यामुळे माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता. मी तीन प्रश्न विचारले. टोचते का? ढिली वाटते का? आरशात पाहून पसंत आहे का?

पहिल्या दोहोंना तो "नाई बाई" म्हणाला आणि तिसऱ्याला "हो बाई". माझे समाधान झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कवळी द्यायची आणि दवाखाना दिवाळीसाठी बंद करायचा, असे ठरलेले होते. म्हणजे शिजवणे त्याच दुपारी होणे भाग होते.

मी मागच्या खोलीत साच्याची तयारी करीत असताना दार उघडून एक बाई थेट आत आली. पेशंटच्या नातेवाइकांना तेथे प्रवेश नाही. ती देवाजीची बायको रुखमाबाई होती, आणि तिच्या हातात ती कापडात गुंडाळलेली काठी होती.

"बाई, शिजवून टाकली का?"

"आता टाकते आहे. आपण बाहेर बसा."

"बसतो. पन पयले आयका. हा मानूस तुमच्यापुढं हो हो म्हनते, अन् बाहेर येऊन मले म्हनते, रुखमा, ओठ वर आला, आता फुंक कुठी जाईन ते समजत नाई."

"कसली फुंक?"

तिने कापड सोडले. आत बासरी होती, हातभराहून लांब, बोटांच्या जागी काळी पडून गुळगुळीत झालेली.

"तुमाले काठी वाटली. म्या म्हनलं, जाऊ दे, बाईच्या घरी बाईचा कायदा."

"हे मला त्यांनी का सांगितले नाही?"

"तुमाले?" तिने माझ्याकडे नीट पाहिले. "बाई, तुमाले कोन सांगन? तुमी इचारता तवा मानसाचं उत्तर आधीच ठरलं असते."

खिडकीजवळ दिव्या मान खाली घालून एका दाताकडे फार लक्षपूर्वक पाहू लागली.

मग रुखमाबाईने सर्व सांगितले. पाडव्याला गायगोधनाचा सण. गोवाऱ्यांची ढाल, म्हणजे त्यांच्या देवाचे निशाण, निघते, ढालीपुढे डफ आणि बासरी, आणि बासरीमागे सजवलेल्या गाई. वेशीजवळ शेणाचे गोधन मांडलेले असते, ते गाईंनी खुंदायचे, म्हणजे पायांनी तुडवायचे. त्या गावात बासरीचा मान देवाजीचा, त्याच्या आधी त्याच्या बापाचा. मागच्या वर्षी दातांवाचून त्याने वाजवून पाहिले.

"नुसतं फूस फूस. गाया जागच्या हालल्या नाईत. लोक हासले. यंदा पोट्टे म्हनतात, बुढ्याले बसवा अन् डीजे लावा. म्या म्हनलं, डीजेमागं गाया येतीन का तुमच्या? त म्हनतात, नाई येतीन त नाई."

देवाजी दारात येऊन उभा राहिला होता. "चूप ना वो," तो हळूच म्हणाला.

"काऊन चूप? दोन साल चूपच आहो."

चूक माझी होती. कवळी बनवताना माणूस तोंडाने काय करतो हे विचारणे माझे काम होते, आणि ज्या वस्तूने ते मला सांगितले असते ती मी दारातच अडवली होती. हे मी एकदा मोठ्याने मान्य केले आणि देवाजीला खुर्चीत बसवले.

"घाला कवळी. वाजवा."

"दवाखान्यात?"

"दवाखाना माझा आहे."

त्याने ओठ लावून फुंकर घातली. वाऱ्याचा आवाज आला, बासरीचा नाही. ओठाखालचा माझा सुरेख भराव त्या ओठाला पुढे ढकलत होता आणि फुंक छिद्रावरून निसटून जात होती. दोष कोठे आहे हे मला तत्क्षणी दिसले. तो दूर करणे वेगळी गोष्ट.

दिवा मागच्या खोलीत, देवाजी पुढच्या. मी कवळी मागे नेई, पाते तापवी, मेण उतरवी, कवळी थंड पाण्यात बुडवी, पुढे आणी, त्याच्या तोंडात घाली. तो फुंके. पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेला एक सूर निघाला, बारीक आणि फाटका. चौथ्या खेपेला पाते अधिक तापले होते. मी एक दात सैल करायला गेले आणि शेजारचे दोन त्याच्याबरोबर घसरले. ते पुन्हा बसवले. पाचव्या खेपेला मेणावर काजळीचा ठिपका उमटला. असा ठिपका माझ्या कामावर मी शिकाऊ असतानाही कोणी पाहिला नसेल. दुपारचे तीन वाजले होते. देवाजीचा ओठ थकून थरथरत होता, आणि वरचेवर हाताळून मेणही मऊ पडू लागले होते. अजून दोन खेपांत ती कवळी मोडली असती, आणि नव्याने उभी करायला एक दिवस लागतो. तो दिवस आमच्याजवळ नव्हता.

"पुरे करा बाई," देवाजी म्हणाला. "जेवता येईन तेवढी झाली त झाली. पोट्टे वाजवतीन डीजे."

"तुम्ही बोलू नका. ओठाला विश्रांती द्या."

तेवढ्यात दिव्या खिडकीजवळून उठली. ती पुढे आली आणि तिने ती डबी खुर्चीशेजारच्या टेबलावर ठेवून वायर लावली.

"आजी, दिवा इथे आणता येत नाही. पेशंटच्या तोंडाशी जाळ कसा धरणार? हे आणता येतं."

"तू करणार आहेस का?"

"नाही. फुंक कुठे जाते ते मला कळत नाही. तुम्हाला कळतं."

मी हात पुढे केला. तिने ते हत्यार माझ्या हातात दिले. वजनाला हलके होते, आणि ते मला मुळीच आवडले नाही. जड पात्याचा एक भरवसा असतो.

"आकडा?"

"मी लावते त्याहून कमी लावलाय. तुमचा हात लवकर चालतो."

मी मेणाला टोक लावले. तडतड झाली नाही, धूर नाही, जळका वास नाही. टोकाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढे मेण चमकले आणि त्यापलीकडचे जसेच्या तसे घट्ट राहिले. मी थांबून पाहिले. दोन श्वास झाले, चार झाले, टोक निवले नाही. घाई करण्याचे कारणच उरले नव्हते. बावन्न वर्षे माझा हात ज्या घाईत वाढला, ती घाई कामाची नव्हती, पात्याची होती, हे त्या खुर्चीशेजारी उभे राहून मला समजले.

"रुखमाबाई, याचे मूळचे दात कसे होते?"

"वरचे मंधातले दोनी आत वळलेले. त्यातला एक दुसऱ्यावर चढलेला. सोयरीक झाली तवा माही माय म्हने, पोरगा चांगला हाय, फक्त हासू नको म्हना त्याले."

"तुले काय, तू त कधी बी हासत होती," देवाजी म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात भीड नव्हती.

मी मधला डावा दात सैल केला, फक्त तोच, आणि आत वळवला. उजवा त्याच्यावर किंचित चढवला. ओठाखालचा भराव खरवडून कागदाएवढा पातळ केला. प्रत्येक फेरफारानंतर देवाजी वाजवी, मी त्याचा ओठ पाही, कवळी हातात घेई आणि उभ्या जागीच पुढचा फेरफार करी. खेपा मी मोजल्या नाहीत. पाव तासाने बासरी वाजली. फाटका सूर नव्हता तो, पूर्ण होता, आणि त्याच्यामागून दुसरा, तिसरा असे येत राहिले. बाहेरच्या बाकावरचे बोलणे थांबले. देवाजीचे डोळे मिटलेले होते. तो लवकर थांबला नाही आणि मी त्याला थांबवले नाही.

आवाज ऐकून प्रफुल शेजारच्या खोलीतून आला. त्याने कवळी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"आई, हे दात वाकडे बसलेत."

"बसवले आहेत."

"कमान मोडली. पुस्तकात हे कुठेच बसणार नाही. पेशंट उद्या आरसा पाहून नाराज झाला तर?"

"आत्ताच दाखव आरसा."

देवाजीने कवळी घालून आरशात पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ओठ जरासा उचलून तो चढलेला दात बोटाने चाचपला.

"माह्यासारखाच दिसून राह्यलो," तो म्हणाला.

प्रफुलने माझ्याकडे पाहिले, दिव्याकडे पाहिले, आणि तो आपल्या पेशंटकडे निघून गेला. आम्ही दोघींनी मेणाच्या कडा मिटवल्या आणि कवळी साच्यात भरली. दिव्याने मसाला कालवला. ठरल्या वेळी ती शिजायला पडली आणि सकाळी देवाजी ती घालून घरी गेला.

पाडव्याला मी त्याच्या गावी गेले. बोलावणे होते, आणि नसते तरी गेले असते, कारण मेणात वाजलेली कवळी शिजल्यावर वाजतेच असे नाही. दिव्याने गाडी वेशीजवळ उभी केली. मोरपिसांनी सजवलेली ढाल आली, डफ आले, आणि त्यांच्यापुढे डोक्याला लाल फेटा बांधलेला देवाजी आला. शिंगे रंगवलेल्या गाई गोधनापाशी येऊन थांबल्या. पोरांनी काठ्या उचलल्या तशी रुखमाबाईने त्यांना मागे हटवले. देवाजीने बासरी ओठाला लावली. सुरांच्या दोन ओळी झाल्या तरी गाई उभ्याच होत्या. तिसरी ओळ वर चढली तेव्हा पुढची कपिला गाय निघाली आणि तिने शेणात पाय टाकला. तिच्यामागून सगळ्या गेल्या. लोकांनी एकच गलका केला.

सर्व गाव गाईंकडे पाहत होते. मी त्याच्या वरच्या ओठाकडे पाहत होते, कारण चढत्या सुराला कवळी सुटण्याची भीती असते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी नजर हलवली नाही. कवळीही हलली नाही.