सोडा मला, मास्तर

मी पट्टा बोलतोय. दुखऱ्या कमरेला आवळून बांधतात ना, तो राखाडी पट्टा.

माझे मालक शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. कापडाचा जड तागा एकट्याने उचलायला गेले आणि कमरेत उसण भरली. डॉक्टरांनी मला बांधलं आणि बजावलं, "तीन आठवडे, बस्स." त्याला आता तीन वर्षं झाली. उसण केव्हाच बरी झाली, दुखणं मात्र मुक्कामालाच राहिलं.

खरं सांगतो, सुरुवातीला मला भाव चढला. माझ्याशिवाय मास्तरांचं पान हलेना! पण त्यांना कटिंगच्या टेबलाशी पाच मिनिटंही उभं राहवेना. हातातली कात्री गेली, काज-बटणं आली. मेहुणा म्हणाला, "एक्स-रेच्या फोटोत तर काही दिसत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! टेबल काढून टाका, जागा तरी होईल." मास्तर बटणं लावत राहिले. मला मात्र त्या मेहुण्याचा भयंकर राग आला.

शेवटी बायकोने त्यांना वेदनातज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, झोपेचं विचारलं, कामाचं विचारलं, कशाची भीती वाटते तेही विचारलं. मग म्हणाल्या, "नवं दुखणं म्हणजे दारावरची बेल. कुणीतरी आलंय, बघा, असं सांगते. तुमच्या बेलचं बटण अडकलंय. पाहुणा कधीच गेला, बेल वाजतेच आहे."

"म्हणजे मी नाटक करतोय?"

"छे हो! बेल खरीच वाजतेय. तुम्हाला खरंच दुखतंय."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांत असं कुणी म्हणालंच नव्हतं.

बाईंनी नसा शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवायला एक ताई दिली. टेबलाशी रोज तीनच मिनिटं उभं राहायचं, बरं वाटलं तरी तीनच. पुढच्या आठवड्यात चार. "आणि हा पट्टा हळूहळू सोडा. त्याच्यामुळे पाठ आळशी झालीय."

आळशी! इतकं राबून हे ऐकायचं? दोन दिवस मी फुगून बसलो. मग पटलं. मी धरून ठेवत होतो, म्हणून मास्तर अडले होते. त्याच दिवशी ठरवलं, आता सुटायचंच.

सोपं नव्हतं. चौथ्याच दिवशी कळ आली आणि मास्तरांनी मला पुन्हा आवळलं. बायकोने संध्याकाळी सोडलं. असं कितीदा झालं. मिनिटं मात्र वाढत गेली.

आज सकाळी मास्तर टेबलाशी उभे राहिले. समोर कोटाचं कापड, हातात मोठी कात्री.

"दुखतंय का हो?" बायकोने विचारलं.

"दुखतंय की."

"पट्टा देऊ?"

"दुखू दे. तू कापड धर."

मी खुंटीवरून बघत होतो. कात्री सरळ चालली, एकदाही अडखळली नाही.

मास्तर, एखाद्या वाईट दिवशी तुमचा हात माझ्याकडे येईल, मला माहीत आहे. पण माझ्या वेल्क्रोच्या चिकटपट्टीत तुमच्याच दुकानातले दोरे भरलेत. सांगून ठेवतो, मी आता चिकटणार नाही.