दोन बोटं खाली

"शेवटी विजय सत्याचाच होतो," काळ्या कोटाची बाही झटकत वकील म्हणाला, "तेव्हा तुम्ही मध्ये बोलून त्याचा खोळंबा करू नका."

समोरच्या बाकावर बसलेल्या लिफ्ट मेकॅनिकने उघडलेलं तोंड मिटलं. सहा महिन्यांतली ही पाचवी तारीख. प्रत्येक तारखेला तो एकदा तरी "साहेब, एक सांगायचं होतं" म्हणून सुरुवात करी, वकील वाहतूक पोलिसासारखा हात वर करी, आणि गाडी तिथेच थांबे.

"पण साहेब, गोष्ट लहानशीच आहे."

"लहान गोष्टींनीच माणसं आत जातात. मोठ्या सिद्ध कुठे होतात?"

मेकॅनिकने मांडीवरची टोपी दुसऱ्या मांडीवर ठेवली.

वकिलांच्या खोलीत या वकिलाला 'संशयाचा फायदा' असं नाव पडलं होतं. पंचवीस वर्षांत त्याचे जे अशील सुटले, त्यातल्या बहुतेकांना कोर्टाने तोच देऊन घरी पाठवलं होतं. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं होतं, गडी चिडेल. त्याने ते पदवीसारखं मिरवलं. आरोपींची बाजूच का घेता, असं कॉलेजातल्या पोरांनी विचारलं की तो राज्यघटनेवर बोले. नातेवाइकांनी विचारलं की म्हणे, सरकारी नोकरीचा अर्ज टपालात गहाळ झाला. दोन्ही उत्तरं लोकांना पटत, म्हणून तिसरं द्यायची वेळ कधी आली नव्हती.

त्याचा एक नियम होता. 'तुम्ही हे केलंत का?' असं अशिलाला विचारायचं नाही, आणि न विचारता तो सांगू लागला तर सांगू द्यायचं नाही. अशिलाने आणलेले कागदही याच नियमात बसत, कारण कागद म्हणजे लिहून काढलेलं बोलणंच. सरकारी पक्षाचे कागद तो तीन-तीनदा वाची. भोकं तिथे असतात. अशिलाची पिशवी कपाटात जाई ती गाठीसकट.

या खटल्यात भोकं बरी होती. एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट दार उघडं असताना खाली घसरली, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचा पाय मोडला. मेकॅनिकने चारच दिवस आधी तिथल्या नोंदवहीत 'तपासणी केली' असं लिहून सही ठोकली होती. सरकारचं म्हणणं, याने न तपासताच सही केली. इमारतीचा सेक्रेटरी म्हणत होता, "मला तर हा 'सगळं ठीक आहे' म्हणून गेला." आरोप शाबित झाला तर मेकॅनिकला शिक्षा होणार होती आणि परवाना जाणार होता, म्हणजे तीस वर्षं जे एकच काम येत होतं, तेही संपणार होतं. पण लिफ्टचा तज्ज्ञ अपघातानंतर नऊ दिवसांनी उगवला होता, आणि नऊ दिवसांत काय काय झिजू शकतं यावर वकिलाने पाऊण तासाचं भाषण तयार ठेवलं होतं.

"चला," तो उठला. "चौथा मजला."

लिफ्टपाशी आल्यावर नेहमीचंच झालं. वकील आत शिरला, मेकॅनिक बाहेर राहिला.

"मी जिन्याने येतो साहेब. तुम्हीपण..."

दार बंद झालं. चौथ्या मजल्यावर उतरताना वकिलाचा पाय उंबऱ्याला अडखळला. गेले काही महिने हे रोज होत होतं. त्याने नव्या बुटांना शिव्या घातल्या आणि कोर्टात जाऊन बसला. पाच मिनिटांनी मेकॅनिक धापा टाकत आला. त्या दिवशी सेक्रेटरीची साक्ष व्हायची होती, पण सेक्रेटरीचं पोट बिघडल्याची चिठ्ठी आली आणि सगळे आपापल्या मार्गाने खाली उतरले.

रविवारी सकाळी वकिलाची बायको गॅलरीत वाळलेले पांढरे ॲप्रन घडी करत होती. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना 'तोंड उघडा' म्हणणं हा तिचा धंदा आणि 'बंद ठेवा' म्हणणं हा त्याचा. दोघांचं मिळून बरं चाललं होतं.

"सुटेल तुझा लिफ्टवाला?"

"सुटेल. पण केलंय त्यानेच."

तिने घडी थांबवली. "तू विचारत नाहीस ना कोणाला?"

"विचारायला कशाला हवं? तीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेला माणूस कोर्टात चार मजले जिन्याने चढतो. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. मन खातं माणसाचं. दिसतंय की."

"दिसतंय," ती म्हणाली. मग दुसरा ॲप्रन उचलून झटकत, त्याच्याकडे न बघता, "तुला मागेही एकदा दिसलं होतं."

वकिलाने पेपर वर धरला. पेपर उलटा नव्हता, पण वाचलाही जात नव्हता.

मागचं ते असं. तो सातवीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूचं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन हरवलं. सरांनी विचारलं, कोणी काही पाहिलं का? हा उठून उभा राहिला. शेजारच्या बाकावरच्या मुलीने काहीतरी चकचकीत दप्तरात टाकताना याने पाहिलं होतं. अगदी स्वतःच्या डोळ्यांनी, म्हणून तर त्याला खात्री होती. तिचं दप्तर सगळ्या वर्गासमोर टेबलावर पालथं केलं गेलं. त्यातून एक वेणीची पिन निघाली, चकचकीत. वजन निघालं नाही. "लपवलं असेल," सर म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून ती मुलगी शाळेत आली नाही. वजन सुट्टीत कपाटामागे सापडलं, आणि तोवर ते कोणाला नकोच होतं.

तेव्हापासून 'मला माहीत आहे' या तीन शब्दांची त्याने धास्ती घेतली. माहीत नसणं हाच त्याने पुढे पेशा केला. ही गोष्ट त्याने कधीच कोणाला सांगितली नव्हती. बायकोला माहीत होती, पण तिला सगळंच माहीत असतं.

"ती मुलगी रोपवाटिका चालवते ना? नंबरही आहे तुझ्या डायरीत."

"आहे."

"नंबर मिळून किती वर्षं झाली?"

"अकरा."

"छान," ती म्हणाली. "अक्कलदाढ दुखतेय म्हणून अकरा वर्षं तोंड दाबून बसणारे पेशंटही येतात माझ्याकडे."

सहाव्या तारखेला वकिलाने कपाटातून मेकॅनिकची पिशवी काढली आणि काखेत मारली. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. लिफ्टच्या दाराशी दोघं पुन्हा समोरासमोर आले. आत गर्दी होती. कोणीतरी सरकून जागाही केली. वकील आत शिरला नाही.

"तुम्ही जिन्याने का जाता हो?" त्याने विचारलं.

प्रश्न तोंडातून निघाला तसं त्याला अंगावरचा कोट काढून उभं राहिल्यासारखं वाटलं. मेकॅनिकने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला तर नाही ना विचारलं म्हणून.

"बोलू?"

"बोला."

"साहेब, ही लिफ्ट बरोबर नाही. भरून गेली की थांबल्यावर दोन बोटं खाली बसते. चौथ्यावर बघा, सगळे अडखळतात आणि आपल्याच पायाकडे बघतात. ब्रेकचं लायनर झिजलंय. पहिल्या तारखेलाच माझ्या लक्षात आलं. मी तेच सांगत होतो. तुम्ही रोज हिच्यातून जाता, म्हणून जीव खालीवर होतो माझा."

"हेच सांगायचं होतं? सहा महिने?"

"हेच."

वकिलाने आपल्या बुटांकडे पाहिलं. बुटांची मनातल्या मनात माफी मागून तो जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर त्याला थांबावंच लागलं. थोडं श्वासासाठी, थोडं दुसऱ्या कारणासाठी. जो माणूस दुसऱ्याच्या इमारतीतल्या लिफ्टची दोन बोटं मोजतो, तो स्वतःच्या हाताखालच्या लिफ्टवर न बघता सही करील?

"त्या दिवशी काय झालं?" त्याने विचारलं. एकाच सकाळी दुसऱ्यांदा.

मेकॅनिक कठड्याला टेकला. "काय व्हायचंय? वर गच्चीवरच्या खोलीत जाऊन सगळं बघितलं. तिथलंही लायनर गेलेलं. लिफ्ट बंद केली, पाटी लावली, सेक्रेटरीला चिठ्ठी दिली. त्यांच्या नोंदवहीत 'तपासणी केली' लिहिलं. केलीच होती की! संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते म्हणे. केली असेल परत चालू."

"चिठ्ठी दिल्याचं पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, वकिलाला सांगा."

"मग?"

मेकॅनिकने टोपीशी चाळा केला. त्याला वकिलाला दुखवायचं नव्हतं. "तुम्ही म्हणालात, बोलू नका. म्हणून मग काही बोललो नाही. माझी चिठ्ठ्यांची वही तर दिलीच होती तुम्हाला, पिशवीत. वाटलं, तपासली असेल."

वकील पायरीवर बसला. पिशवीची गाठ त्याच्याने सुटेना, तेव्हा मेकॅनिकने ती दोन बोटांनी सोडवून दिली. आत वाहनाच्या परवान्याच्या झेरॉक्स होत्या, लग्नाचा एक जुना फोटो होता (कशासाठी, ते देव जाणे) आणि तळाशी कार्बन लावून लिहायची लांबट वही होती. पान एक्केचाळीस: 'ब्रेकचे लायनर झिजले आहे. बदलेपर्यंत लिफ्ट वापरू नये.' खाली अपघाताच्या चार दिवस आधीची तारीख. आणि त्याखाली, कार्बनची नव्हे तर चांगल्या निळ्या शाईची, ऐटदार वळणाची सही: 'मिळाले. सेक्रेटरी.'

ही वही सहा महिने त्याच्या कपाटात होती. न तपासता सही केल्याचा आरोप या दोघांपैकी एकावर होता. वकील आपल्या वकीलपत्रावरची सही आठवत थोडा वेळ तसाच बसून राहिला.

"साहेब, बरं वाटत नाही का?"

"वाटतंय," वकील म्हणाला आणि उठला. "चला, दोनच मजले राहिले."

सेक्रेटरी साक्षीच्या पिंजऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. पोट सुधारलेलं दिसत होतं. उलटतपासणीत नऊ दिवसांवरचं ते भाषण ऐकावं लागणार, अशी सरकारी वकिलांनी मनाची तयारी ठेवली होती. त्यांनी आधीच जांभई देऊन घेतली.

"मेकॅनिक 'सगळं ठीक आहे' म्हणून गेला?" वकिलाने विचारलं.

"हो. हसत हसत गेला."

"तुम्हाला काही लिहून दिलं?"

"छे! ही माणसं कुठे लिहून देतात?"

वकिलाने वही पुढे केली. "ही सही ओळखता?"

सेक्रेटरीने चष्मा काढला, पुसला, घातला. वही जवळ धरली, मग लांब धरली. सही अंतराप्रमाणे बदलली नाही. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या पुढे वाकल्या.

"माझ्यासारखी वाटते," सेक्रेटरी म्हणाला.

"तुमच्यासारखी की तुमची?"

"माणूस दिवसातून पन्नास सह्या करतो. वाचून कोण करतं?"

कोर्टात कोणी हसलं नाही, पण कारकुनाने मान खाली घातली. भाषण तसंच फायलीत राहिलं. वकिलाला त्याचं जरा वाईट वाटलं. पाऊण तास होतं ते, आणि चांगलं होतं.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. न्यायाधीश बाईंनी 'निर्दोष' हा शब्द वाचला आणि पुढच्या खटल्याकडे वळल्या. संशयाचा उल्लेखही नव्हता. पंचवीस वर्षांत वकिलाला असा कोरडा, कोणतीही कृपा न केलेला शब्द फारसा मिळाला नव्हता. त्याने तो मेकॅनिकला पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून दाखवला. मेकॅनिकने टोपी घातली, काढली, परत घातली.

"आता बोलायला हरकत नाही ना साहेब?"

"आता तर लिहूनच द्या."

मेकॅनिकने तिथल्या तिथे वही उघडली आणि पान बेचाळीस लिहिलं. दोघं मिळून इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेले, आणि 'मिळाले' अशी सही घेतल्याशिवाय हलले नाहीत. व्यवस्थापक सही करू लागला तेव्हा वकील म्हणाला, "वाचून करा." दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी लागली.

त्याच शनिवारी वकिलाने डायरीतून तो नंबर काढला. फोन करायचं धाडस झालं नाही, निरोप लिहिला. पितळी वजन, दप्तर, पिन, सगळं लिहिलं, आणि शेवटी विचारलं, त्या प्रकारामुळे तुझी शाळा सुटली, त्याबद्दल तुला काय वाटतं? इतकी लांब कबुली त्याने कुठल्याही अशिलाला देऊ दिली नसती.

उत्तर सोमवारी सकाळी आलं, तो जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर श्वास घेत उभा असताना.

'अरे, बाबांची बदली झाली म्हणून शाळा सोडली मी. वजनाचं काही आठवत नाही. पिन मात्र मावशीची होती, ती तेव्हाच हरवली. तू तोच ना, पेनाचं टोपण चावणारा? इकडे आलास तर ये, रोपं देईन.'

वकिलाने ते तीनदा वाचलं, सरकारी पक्षाचे कागद वाचावेत तसं. भोक सापडलं नाही.

मग त्याने फोन खिशात टाकला आणि काळा कोट सावरला. अजून दोन मजले होते. लिफ्ट बंदच होती.