कोरडा दोर

कमलबाईच्या नादाला गावात कोणी लागत नसे. वय सत्त्याहत्तरीला टेकलं तरी तिचा आवाज वेशीपासून शाळेपर्यंत जाई. पालमला जाताना एसटीत जागा नसली तर ती खुशाल कंडक्टरला उठवून बसे. हा रुबाब फुकटचा नव्हता. ती हुतात्मा किशनरावांची एकुलती एक लेक. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, शाळेत झेंडा वर गेला की माइकवर आधी बापाचं नाव घेतलं जाई आणि मग कमलबाईच्या खांद्यावर शाल पडे. रझाकारांनी बापाला मारलं तेव्हा ती आईच्या पोटात होती. तोंडही न पाहिलेल्या बापाच्या वाटणीचा राग तिनं जन्मभर इमानानं सांभाळला. मुसलमानाच्या हातचं पाणी ती प्यायली नाही, त्यांच्या गाड्यावरचं केळ तिनं कधी घेतलं नाही. बांगड्या भरायच्या तर कासाराकडेच, मग त्यासाठी गंगाखेड गाठावं लागलं तरी बेहत्तर.

त्यांच्या घराचा आणखी एक रिवाज होता. वावरातल्या विहिरीवर दोर ठेवायचा नाही. चाक तिथंच, पोहरा तिथंच, पण पाणी काढून झालं की दोर सोडायचा, गुंडाळायचा आणि खांद्यावर टाकून घरी आणायचा. वावरात बोअर घेऊन वीस वर्षं झाली, तरी कमलबाई रोज सकाळी शेळ्यांसाठी दोन पोहरे काढी आणि दोर घरी आणी. का, तर आई सांगायची, त्या विहिरीवरच्या दोरानंच तुझ्या बापाला बांधून नेलं. मरताना मात्र आईची शुद्ध गेली आणि ती एकच बरळत राहिली, "भावजी, दोर कोरडाच आणलात हो!" भावजी म्हणजे नागनाथ, कमलबाईचा चुलता. किशनरावांच्या माघारी त्यानंच घर सांभाळलं होतं. मरणाऱ्या म्हातारीच्या बरळण्याचा अर्थ कोण लावत बसतो?

नागनाथचा नातू भागवत आता कमलबाईचं वावर कसत होता. यंदा उन्हाळ्यात त्यानं ठरवलं, विहीर बुजवायची. रस्त्याच्या कामावरचा मुरूम अनायासे मिळत होता. जमीन कमलबाईच्या नावावर, म्हणून त्यानं विचारलं आणि तीही म्हणाली, "बुजव बाबा. तसं बी कोन पितंय तिचं पानी?"

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी सकाळी कमलबाई विहिरीवर असताना बांधावरून एक म्हातारी आली. अंगावर फिकी साडी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

"बाई, मी महेबूबबी. गंगाखेडहून आले," ती म्हणाली. "विहीर बुजवायलेत म्हनून कळलं. एकदा फातिहा पढू द्या, मेलेल्यांसाठी दुवा मागते, मग जाते."

"माज्या वावरात?" कमलबाई कडाडली. "हुतात्म्याच्या वावरात? कुनासाठी गं?"

"माज्या नानीसाठी, खालांसाठी, म्हंजे मावश्यांसाठी. नऊ बाया हायत इथं."

"तोंडाला येईल ते बोलू नको. ह्या विहिरीत कोनी मेलं न्हाई."

महेबूबबीनं आवाज चढवला नाही, पण पाऊलही मागं घेतलं नाही. "आत, उंबराच्या मुळीखाली एक दगड पुढं आलेला हाय. चौकोनी. त्याला मधोमध खाच हाय. हाय का न्हाई?"

कमलबाईला ठाऊक होतं. दगड होता. काठावरून आत वाकल्याशिवाय तो दिसत नसे आणि वाकून बघणारं त्या घराबाहेरचं कोणी नव्हतं.

"त्या खाचेत बोटं घालून माजी अम्मा दोन दिवस लटकली व्हती. दहा वर्षांची व्हती," महेबूबबी म्हणाली. "आमी पिंजारी, बाई. गाद्या भरून खानारे. पोलीस ॲक्शन झाली तसे रझाकार पळून गेले. ज्यांनी काही केलं न्हवतं ते गावातच ऱ्हायले. मग लोक आले. आमच्या मानसांना मशिदीपाशी कापलं. बाया इज्जतीला भ्याल्या आन इथं उड्या टाकल्या. नानीनं अम्माला पोटाशी धरूनच उडी टाकली."

कमलबाईच्या तोंडावर जन्मभराचं उत्तर तयार होतं: तुमी आमच्या मानसांना मारलं तवा? ती ते बोललीही.

"तुमच्या वडलांना मारलं ते मला ठावं हाय," महेबूबबी म्हणाली. "अम्मा त्यांचं नाव घ्यायची. चांगला मानूस व्हता म्हनायची, कापूस पिंजायला द्यायचा. त्यांच्यासाठी बी दुवा मागायची ती."

कमलबाई विहिरीच्या काठावर बसली. बापाविषयी तिनं आजवर भाषणंच ऐकली होती. तो कापूस पिंजायला देई, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"तुजी आई निघाली कशी?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या दिवशी पलटन आली, त्यांनी काढली. त्याच्या आधी, उड्या टाकल्या त्याच दिवशी, वर एक मानूस आला व्हता. दोन-तीन बाया जित्या व्हत्या. हात वर करून वरडायल्या व्हत्या. अम्माला वाटलं, हा दोर सोडील. त्यानं चाकावरचा दोर काढला, गुंडाळला, खांद्यावर टाकला आन गेला. उन्हात त्याचं तोंड दिसलं न्हाई."

कमलबाईनं खाली बघितलं. आत्ताच सोडलेला दोर तिच्या मांडीवर होता. ओला. रोजच ओला असायचा. फक्त एक दिवस तो कोरडा घरी आला होता, आणि दारात उभ्या असलेल्या गरोदर बाईनं तो पाहिला होता. ती बाई मरेपर्यंत गप्प राहिली आणि मरताना तेवढंच बोलून गेली.

कमलबाईला चुलत्याचा राग आला, आईचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. नागनाथनं एकदा केलं ते लपवायला घरानं रिवाज पाडला आणि आपण तो देवाच्या पूजेसारखा पाळला, हे तिला सहन होईना.

"तोंड दिसलं न्हाई म्हनतीस?" ती म्हणाली. "मी सांगते. नागनाथ. माजा चुलता."

महेबूबबीनं पिशवी खाली ठेवली. मग काठाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि रडली. कमलबाईला रडू आलं नाही. ती म्हणाली, "उद्या सकाळी ये. चोरून न्हाई, जेसीबी उभा असताना पढ."

दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी जेसीबी आला, भागवत आला आणि तमाशा बघायला पाच-दहा लोकही आले. काठावर कमलबाई मांडी घालून बसली होती. शेजारी महेबूबबी हात पसरून, एकेक करून नऊ बायांची नावं घेत पुटपुटत होती.

"आत्या, हे काय लावलंस?" भागवत तापला. "तुझ्या बापाला मारणाऱ्यांच्या जातीला वावरात बसवलंस? लोक तोंडात शेन घालतील."

"घालू दे. तोंड माजं हाय," कमलबाई म्हणाली. "माज्या बापाला मारलं ते खोटं न्हाई. ह्या नऊ बाया मेल्या ते बी खोटं न्हाई. आन त्यांच्यावरून दोर काढून नेला तुज्या आज्यानं. तुजा आजा आन माजा चुलता. ती लाज आपली हाय, मुरूम टाकून बुजायची न्हाई."

"पुरावा काय?"

"माज्या आईनं दोर बघितला व्हता. तेवढा बास हाय मला."

फातिहा संपला. कमलबाईनं दोर महेबूबबीपुढं केला. "तू काढ पानी."

महेबूबबीनं दोर चाकावर टाकला, पोहरा सोडला आणि भरून वर ओढला. कमलबाईनं ओंजळ पुढं केली आणि सगळ्यांदेखत, घोट घोट, पोटभर प्यायली. लोकांत कुजबुज झाली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सतराला शाल घ्यायला येईन मी," ती त्यांच्याकडं वळून म्हणाली. "माइकवर बापाच्या मागनं ही नऊ नावं मीच वाचनार. ज्याला ऐकवत न्हाई त्यानं उठून जावं. आन हा जेसीबी माघारी न्या. विहीर बुजायची न्हाई."

ड्रायव्हरनं भागवतकडं पाहिलं, भागवतनं जमिनीकडं. जमीन कुणाच्या नावावर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जेसीबी वळला आणि धुरळा उडवत गेला.

लोक पांगले. भागवत दात-ओठ खात चाकापाशी गेला. हातांना सवय होती. त्यानं दोर सोडला, गुंडाळला आणि खांद्यावर टाकला.

"भागवत," कमलबाई ओरडली, "ठिव तो तिथंच!"

तो थबकला.

"बांध चाकाला. गाठ पक्की मार."