बिनअटीची ऑफर

चष्म्याच्या दुकानदाराच्या हातून दोन घरं आधीच निसटली होती. पहिलं, छप्पर तपासून घेऊ म्हणाला म्हणून; दुसरं, बायकोशी बोलून सांगतो म्हणाला म्हणून.

"साहेब, पैसे सगळेच देतात," एजंटाने त्याचे कान टोचले. "तुम्ही अटी सोडा. समोरच्याचं मन जिंका."

म्हणून तिसऱ्या घराच्या बैठकीत तो कंबर कसूनच बसला. शेजारी बायको, समोर त्याच घरावर डोळा ठेवून आलेला बेकरीवाला आणि मध्ये घरमालकीणबाई. बाईंना लेकीकडे कायमचं राहायला जायचं होतं. दोघांचा आकडा सारखाच निघाल्यामुळे त्यांनी दोघांनाही एकदमच बोलावलं होतं.

"छप्पर आम्ही तपासणार नाही," चष्मेवाल्याने सुरुवात केली.

"आम्ही तर वर बघणारसुद्धा नाही," बेकरीवाला म्हणाला.

"न्हाणीघरातली ओल आम्हाला चालेल."

"आम्हाला तर आवडली!"

बाई खूश झाल्या. मग जरा घसा खाकरून म्हणाल्या, "प्रश्न आमच्या भावजींचा आहे. ते इथून हलायला तयार नाहीत."

बाईंचे दीर जिन्याच्या पायरीवर बसले होते. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चालल्यासारखी त्यांनी मान डोलावली.

"राहू देत की महिनाभर," बेकरीवाला म्हणाला.

"वर्षभर!" चष्मेवाला ओरडला.

"कायमचे! वर दोन वेळचा चहा आणि ताजी बिस्किटं."

बिस्किटं ऐकून चष्मेवाला खुर्चीत पुढे सरकला. आता पुरे म्हणून बायकोने कोपर मारलं. त्याला वाटलं, ती जोर लावा म्हणतेय.

"भावजींना अख्खं घर! आम्ही इथे राहायलाच येणार नाही!"

बाईंनी डोळे पुसले. बेकरीवाल्याने उठून चष्मेवाल्याशी हात मिळवला. "यावर मी काय बोलणार?"

बोलल्याप्रमाणे कागद झाले, घर मिळालं. भाड्याच्या खोलीवर परत आल्यावर बायकोने दाराचं कुलूप काढलं. मग म्हणाली, "म्हणजे घर घेतलं आपण आणि राहायचं इथेच?"

"पण ऑफर जबरदस्त होती," तो पुटपुटला.

बाई लेकीकडे गेल्या आणि भावजींना रिकामं घर खायला उठलं. त्यांनी एजंटाला सांगितलं, वरच्या दोन खोल्यांना भाडेकरू बघा, सोबत हवी. हे कळताच चष्मेवाला बायकोला घेऊन धावला. पाहतो तर बेकरीवाला आधीच हजर, मांडीवर बिस्किटांचा पुडा.

"अहो, घर माझं आहे!" चष्मेवाला म्हणाला.

"कबूल," भावजी शांतपणे म्हणाले. "पण राहतो मी. तुम्हीच लिहून दिलंत."

चष्मेवाला पुन्हा काहीतरी सोडायच्या बेतात होता, तेवढ्यात बायको पुढे झाली. "भावजी, आम्ही बिस्किटंबिस्किटं काही आणणार नाही. जिन्यात बसलात तर उठा म्हणू. रेडिओ मोठ्याने लावलात तर भांडायला खाली येऊ. आणि जेवला नाहीत, तरी भांडू."

भावजी तिच्याकडे वळले. "वहिनी लेकीकडे गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडलंच नाही," ते म्हणाले. "कधी येताय राहायला?"

बेकरीवाला पुडा तिथेच ठेवून निघून गेला.

रविवारी नवरा-बायको कपाट वर चढवत होते. ते भिंतीला घासलं, तसे खालून भावजी कडाडले, "जरा हळू! स्वतःचं घर समजलात की काय?"

"सॉरी, भावजी!" चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं. मग तो कपाट धरून तसाच उभा राहिला, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत.

"विचार नंतर करा," बायको धापा टाकत म्हणाली, "कपाट माझ्या अंगावर येतंय."