ब्लॉगमधली म्हातारी

रेकाने म्हाताऱ्याची म्हातारी केली आणि तिला जरा हायसं वाटलं. आता विल्मोश काकांना कोण ओळखणार? तिने खुर्ची पुढे ओढली आणि लेखातल्या बाकीच्या खुणाही पुसायला घेतल्या. काका जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होते. म्हातारीला तिने बेकरीत कामाला लावलं. काका इथले, स्लोव्हाकियातल्या कोमार्नोतले, तिच्याच गल्लीतले. म्हातारीला तिने नदीच्या वरच्या अंगाच्या एका खेड्यात नेऊन बसवलं. नदीपलीकडे हंगेरीच्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी काका तीन मित्रांबरोबर पालिंका ढोसून गात गात पुलावरून परतले होते, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सगळं रेकाला सांगून मोकळे झाले होते. जिभेला हाड नसलेला माणूस. ते तसंच लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून तिने म्हातारीला शपथेनंतर केकच्या दुकानात एकटीच बसवलं, पुढ्यात साय घातलेलं चेस्टनटचं गोड दिलं, कारण आनंद सांगायला तिला कुणी नव्हतं. म्हातारीने चमचा चाटून पुसून ठेवला आणि बस पकडून मुकाट घरी आली.

शेवटी रेकाने एक ओळ लिहिली, "या वयात तिला देश हवा होता की नुसती सोबत, कुणास ठाऊक." ओळ तिला फार आवडली. तिने लेख ब्लॉगवर चढवला आणि झोपायला गेली.

रेका शाळेत भूगोल शिकवायची, हंगेरियनमधून. ब्लॉग मात्र स्लोव्हाकमध्ये लिहायची. राजधानीतल्या ज्या लोकांनी या बाजूला कधी पाऊल ठेवलं नाही, त्यांना इथलं कळावं, असं ती म्हणायची. यावेळचा विषय सगळ्यांच्या मनातला होता. पलीकडचं सरकार इकडच्या हंगेरियन माणसांना नागरिकत्व वाटत सुटलं होतं, आणि इकडच्या सरकारने कायदा केला होता की आपण होऊन दुसरं नागरिकत्व घेतलं की इथलं गेलं. ओळखपत्र जमा, मत देणं बंद, आणि जन्मल्या घरात परदेशी म्हणून राहायचा परवाना मागायचा. ज्या पुलावर आता कुणी पासपोर्ट बघतसुद्धा नाही, त्या पुलावरून हे राजकारण चाललंय, असं तिने लिहिलं होतं. एकाला मतं हवीत, दुसऱ्याला धाक हवा, आणि मधल्या मध्ये अशी एखादी भाबडी म्हातारी सापडते. रेका स्वतःला दोन्ही बाजूंच्या वर समजायची. तसं समजणाऱ्यांना एखादी भाबडी म्हातारी लागतेच.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मधल्या सुट्टीपर्यंत लेखाखाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला होता. बरेच जण हळहळले होते, काही जणांनी म्हातारीची टर उडवली होती. मग एकाने लिहिलं होतं, "बेकरी बिकरी सगळं खोटं. ही बाई लेखिकेच्या शेजारची असणार. जिल्हा कार्यालयाला एक नाव पुरतं." त्याखाली कुणीतरी खरंच नावं दिली होती. त्यांच्या गल्लीतल्या तीन विधवांची.

 रेका एका म्हाताऱ्याला लपवायला गेली आणि गल्लीतल्या सगळ्या विधवा तिने उघड्यावर आणल्या होत्या. तिसरं नाव वाचून मात्र तिला हसूच आलं. एतेल्का बार्तोश, म्हणजे तिची आई. रेडिओवर बातम्या लागल्या की जी बटण फिरवायची, निवडणुकीच्या दिवशी जिला लोणची घालायचं सुचायचं, ती!

हसू फार टिकलं नाही. चौकशी सुरू झाली तर ती या घरावरून त्या घरावर जाणार, आणि विल्मोश काकांच्या दारात आली की ते स्वतःच तिला आत बोलावून पालिंका पाजणार. तिने घाईघाईने ती नावं काढून टाकली. तास घेताना तिने पोलंडच्या नद्या दोनदा शिकवल्या आणि मुलांनी तिला तसं सांगितलंही. तास संपल्यावर पाहिलं, तर नवी प्रतिक्रिया हजर होती. "नावं का काढली? खरी होती वाटतं." खाली वीस-पंचवीस जणांनी हो ला हो मिळवला होता.

शाळा सुटल्यावर ती थेट आईकडे गेली. आई बटाटे सोलत होती. रेकाने कोटही काढला नाही. काय लिहिलं, कुणी काय उत्तर दिलं, नावं कशी आली आणि तिने ती कशी काढली, सगळं एका दमात सांगून टाकलं. आता हा लेखच पुसून टाकते, म्हणाली, नाहीतर विल्मोश काका फुकट जातील.

आईने सुरी खाली ठेवली.

"विल्मोश? त्यात विल्मोश कुठे आहे?"

"तेच आहेत ते, आई. मी त्यांची बाई केली, ओळखू येऊ नये म्हणून."

 आईने ओले हात ॲप्रनला पुसले, नीट, एकेक बोट करून.

"मला वाटलं, तू मला पाहिलंस. त्या दुकानाच्या खिडकीतून."

"कुठल्या दुकानाच्या?"

"चमचा चाटला नव्हता मी," आई म्हणाली. "निम्मं तसंच टाकलं. घशाखाली उतरेना."

रेका खुर्चीवर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. आपण मनाने रचलेली बाई समोर बसून बटाटे सोलतेय, हे तिला एकदम पचेना. कधी घेतलंस, तिने विचारलं. वसंतात, आई म्हणाली. तू शाळेतल्या मुलांना घेऊन सहलीला गेली होतीस तेव्हा. सहल पलीकडेच होती हे मला मागाहून कळलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला कुणी विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. सरकारी शाळेतली नोकरी तुझी." आईने पुन्हा सुरी उचलली. "आणि तू लिहितेस."

मग आई आपणहून बोलली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या वडिलांनी, आपण हंगेरियन नाही, स्लोव्हाक आहोत, असं सही करून दिलं होतं. न देणाऱ्यांची घरं जात होती. घर राहिलं. त्यानंतर वडील जेवताना कधी बोलले नाहीत, कुठल्याच भाषेत. हे रेकाने पूर्वीही ऐकलं होतं, तिने त्यावर ब्लॉगवर दोन लेखही लिहिले होते, आकडेवारीसकट. आई त्या गोष्टीला अजून आतून धरून आहे हे मात्र तिला कधी दिसलं नव्हतं.

"तुझे सगळे लेख मी वाचते. वाचनालयात बसून," आई म्हणाली. "अवघड शब्द असतात, वेळ लागतो. कालचा मात्र झरझर वाचला." तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "सोबत नको होती गं मला. सोबतीला तू आहेस की."

रेकाला रडू आलं आणि आपण रडतोय याचा रागही आला. तिने फोन काढला. आत्ताच्या आत्ता पुसते, म्हणाली. आईने तिचं मनगट धरलं. धुण्याच्या कामात आयुष्य गेलेला तो हात अजून घट्ट होता.

"वेडी आहेस का? तू तीन नावं काढलीस तर लोकांना संशय आला. सबंध लेख काढलास तर खात्रीच होईल. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

"पण आई, ती ओळ..."

"ती पण राहू दे."

एवढ्यात फाटकाचा आवाज आला. विल्मोश काका दार न ठोकताच आत आले. त्यांच्या हातात छापलेला कागद होता. नातवाने काढून दिला म्हणे. काका खुशीत होते. रेकाने ओढून दिलेल्या खुर्चीत ते ऐसपैस बसले आणि त्यांनी लेखातल्या म्हातारीचा उद्धार सुरू केला. शपथ घ्यायची आणि एकटीनेच गोड खात बसायचं म्हणजे काय? माणसाने चारचौघांत प्यावं, गावं. असल्या घाबरट बायांमुळेच आपली माणसं बदनाम होतात. त्या म्हातारीच्या जागी आधी आपणच होतो याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

"आणि वहिनी, लोकांनी यादीत तुमचंही नाव घातलं होतं!" ते हसत हसत मांडीवर थाप मारत म्हणाले. "तुमचं!"

आई खदखदून हसली. रेकाने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता आई म्हणाली, मला शपथेला उभं केलं असतं तर मी तिथल्या साहेबाला लोणच्याची कृती सांगून आले असते. काकांना ते इतकं आवडलं की डोळे पुसावे लागले. उद्या दुकानात सगळ्यांना सांगतो, म्हणाले. आईने त्यांच्यापुढे पालिंकाचा पेला भरून ठेवला. सांगा की, म्हणाली.

मग काका रेकाकडे वळले.

"तू लिही बरं का त्या म्हातारीवर आणखी. लोकांना मजा येतेय."

"लिहील की," आई म्हणाली. "आता मध्येच सोडून कसं चालेल?"

टेबलाखाली आईच्या पायाने रेकाच्या पायावर हलकेच दाब दिला. काका वाट बघत होते. रेका हसली.