सावकाश चावणारा माणूस

"उद्या तू माझं काय सांगणार?" मक्याच्या भातावर मुळ्याची आंबवलेली किमची पसरत बोंगसूने विचारलं.

छांगुकने आपला डबा उघडला. एकोणीस वर्षं दर शुक्रवारी जेवताना दोघे हे ठरवत आले होते. शनिवारच्या सभेत प्रत्येकाने आपली एक चूक कबूल करायची, दुसऱ्याची एक उघड करायची. म्हणून शहाणी माणसं चुका आधीच वाटून घेत. तू उशिरा आलास, तू तेलाजवळ सिगारेट ओढलीस. त्याने कुणाचं काही बिघडत नसे.

उत्तर कोरियातल्या एका डोंगराच्या पोटातल्या त्या कारखान्यात दोघे तोफेच्या नळ्या कोरत. तोफ रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालायची. घरी मात्र ट्रॅक्टरचे भाग करतो असं सांगायचं. "आपला ट्रॅक्टर सीमेवर उभा राहून दक्षिणेची राजधानी नांगरतो," बोंगसू हळूच म्हणे.

या आठवड्यात एक नळी आतून तिरकी कोरली गेली होती. माप छांगुकने घेतलं होतं. त्याचा हात कापतो हे एकट्या बोंगसूला ठाऊक होतं. आता कुणाचं तरी नाव यायलाच हवं होतं.

"माझं नाव घे," बोंगसू म्हणाला.

"वेडा झालास का?"

"तुझ्या पोरीचं लग्न ठरलंय. बापाला डाग लागल्यावर कोण नेईल तिला? माझ्या घरी रडायला मांजरसुद्धा नाही. खा आता, किती वेळ चावतोस एक घास."

शनिवारी छांगुकने उभं राहून वहीतलं वाचलं. कॉम्रेड ओक बोंगसू यांनी माप चुकवलं. वही धरलेला हात अजिबात कापला नाही.

बोंगसूने चूक कबूल केली. मग दुसऱ्याची सांगायची पाळी आली. "कॉम्रेड छांगुक फार सावकाश चावतात. त्यात कामाचा वेळ जातो." मागे कुणीतरी हसलं.

सोमवारी बोंगसूच्या यंत्रावर दुसरा माणूस होता. बोंगसू कुठे गेला हे कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

मुलीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. पुढच्या शुक्रवारी तो नवा माणूस डबा घेऊन समोर बसला. "छांगुकदादा, उद्या तुमचं काय सांगू?"

"सांग, सावकाश चावतो."

त्याने घास तोंडात घेतला. भोंगा वाजला तरी तो तोच घास चावत होता.