टाकीवरचे ओरखडे

मी रेडा बोलतोय. शिंगं शोधू नका, नाहीत मला. मी एक फटफटी आहे, काळी, जाडजूड, आणि आवाज असा की गोठ्यातली गुरं मान वर करून बघतात. म्हणून आक्कानं नाव ठेवलं रेडा. रेड्याच्या तोंडून वेद निघाले म्हणतात. माझ्या मागून फक्त धूर निघतो. तेव्हा शहाणपण ऐकायला आला असाल तर पुढचं दार बघा.

मला सरकारनं विकत घेतलं. पैसा लोकांच्या औषधपाण्याचा होता. एचआयव्ही झालेल्या माणसांना डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर गोळ्या पोचवायच्या, त्यासाठी मी. पण पहिली दोन वर्षं मी गेलो कुठं? शिपायाच्या सासुरवाडीला. जुन्या साहेबांच्या भाचीच्या शिकवणीला. एकदा तर माझ्या पाठीवर कपाट बांधलं, आरशाचं. रस्ताभर त्या आरशात माझीच आब्रू जाताना दिसत होती. माझं डोकं तापायचं. शिपायाच्या पोटरीला चटका बसला की तो म्हणायचा, "इंजिनात दोष आहे." दोष कसला डोंबलाचा! स्वभाव आहे माझा.

मग आक्का आली. एका पायानं जरा अधू, अंगानं काटकुळी, जीभ मात्र करवतीसारखी. नवऱ्याकडून तिला हाच आजार लागला, नवरा गेला, ती राहिली. रोज संध्याकाळी एक गोळी घेते, आणि अख्ख्या ऑफिसात तिच्याइतकं कमी कुणी आजारी पडत नाही. डॉक्टर म्हणतात, तिच्या रक्तात तो विषाणू आता शोधूनही सापडत नाही. जिभेवरचं विष तेवढं शाबूत आहे.

तिनं माझ्या मागं एक पत्र्याची पेटी बसवून घेतली. वरच्या कप्प्यात सुया, दोरे, बटणं, नाडे. खालच्या कप्प्यात गोळ्यांच्या बाटल्या. वस्तीवर गेलो की लोक म्हणायचे, "सुईदोरावाली आली." कोंबडीवाल्याची बाटली खाद्याच्या पिशवीतून जायची, शिंपिणीची रिळांच्या पुड्यातून. कुणाला कळायचं नाही. मी एकदा मनात म्हटलं, ही काय चोरटी कामं? आक्का त्याच वेळी नव्या परिचारिकेला सांगत होती, "बाई, माणूस आजाराला भीत नाही एवढा शेजाऱ्याला भितो. गोळी पोटात गेली पाहिजे. वाजतगाजत गेली काय, गुपचूप गेली काय, पोटाला काय फरक?"

त्या शिंपिणीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पोरगी तरणी, पहिलटकरीण, सातवा महिना. तपासणीत आजार निघाला. गोळी रोज घेतली तर पोटातलं पोर वाचतं. खंड पडला की धोका वाढतो. तिच्या सासूला माहीत होतं, गल्लीला नव्हतं. गल्लीला कळलं तर शिवायला कापड कोण टाकणार? सासू दारात बसून आक्काशी दोऱ्याच्या भावावरून इतकी कडाकडा भांडायची की सगळी गल्ली तेच ऐकत राहायची, आणि आत सून निवांत बाटली ठेवून यायची. काय बाई होती!

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नाही हो. उलट पैसा वाया जाऊ नये म्हणून जीव टाकणारा. पाठकोऱ्या कागदावर लिहायचा, दिवसा दिवे लावू द्यायचा नाही. पण मुंगीला मुठीत धरून ठेवायचं आणि हत्ती दारातून जाऊ द्यायचा, अशातली गत. वरून एक रथ आला. खराखुरा नव्हे, मोठी मोटार. भोंगे, पडदा, रंगीत दिवे, आणि अंगभर एड्सची ती लाल फीत काढलेली. गावोगाव जाऊन जागृती करायची. साहेब खूश. माझ्या पेट्रोलात काटछाट झाली, रथाला डिझेल लागतं ना!

रथ गावात जायचा, भोंग्यावर गाणं लावायचा, "या, तपासणी करून घ्या!" मैदानात दोन कुत्री आणि एक चणेवाला. साहेब हिरमुसून परत यायचे.

"आक्का, लोक का येत नाहीत हो?"

"साहेब, तुम्ही वरात काढलीत झोकात. पण नवरदेव व्हायला कोण पुढं येणार?"

साहेब हसले. हसले आणि विसरले. शिकलेल्या माणसाचं हे एक असतं, हसला की त्याला वाटतं समजलं.

पुढं तपासणीपथक येणार असं कळलं. ह्या पैशातून जे जे घेतलं त्यावर मोठा स्टिकर पाहिजे, असा वरून हुकूम. खुर्च्यांवर लावला, पंख्यांवर लावला, पाण्याच्या माठावर लावला. शेवटी माझी पाळी. टाकीच्या दोन्ही बाजूंना लाल फीत आणि खाली ठळक अक्षरं, "एड्सला घाबरू नका!" लांबून वाचता येईल एवढी. वर रोज सकाळी स्टिकरसकट माझा फोटो काढून पाठवायचा.

आक्का कडाडली. "साहेब, माझ्या कपाळाला लावा, ह्याला लावू नका. माझी माणसं तुटतील."

"नियम आहे आक्का. लोकांच्या पैशाचा हिशोब दिसायला नको?"

"दिसायला पाहिजे, पण कुणाला?"

"पथक येऊन जाऊ दे, मग बघू."

पहिल्याच फेरीत आम्ही कोंबडीवाल्याकडं गेलो. त्याच्या दारात मी उभा राहिलो आणि शाळेतली पोरं माझी टाकी मोठमोठ्यानं वाचायला लागली. काय हौस वाचायची! पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून अंडी कुणी घेईना. बिचारा अंडी स्वतःच खात बसला. आक्काला बघून दार लावलं त्यानं, रागानं नाही, भीतीनं.

आक्का माझ्याकडं वळून म्हणाली, "रेड्या, शिंपिणीच्या गल्लीत तुला न्यायचं नाही आता."

आणि शिंपिणीची बाटली शुक्रवारी संपत होती, शनिवारच्या संध्याकाळच्या आत नवी पोचायला हवी होती. पथक सोमवारनंतर येणार. त्या वाटेला एसटी नाही, बैलगाडी मिळाली तर मिळाली. आक्का साहेबांना म्हणाली, शनिवारी पायी जाते. त्या पायानं, डोंगर चढून! मला एवढा संताप आला की दुसऱ्या वस्तीला निघताना सुरूच होईना. लाथा मारल्या तिनं, खाल्ल्या मी. चुकलो नव्हतो, पण खाल्ल्या.

शुक्रवारी मात्र देवानं डोळे उघडले. दिवसभर गाणी लावून लावून रथाची बॅटरी बसली. संध्याकाळी साहेबांना घरी जायला काही नाही. इकडंतिकडं बघितलं, मी दिसलो. आले आणि बसले.

साहेब राहायचे भाड्यानं, भरवस्तीत. मी फटफट करत गल्लीत शिरलो तसे सगळे गॅलरीत. शेजारचे निवृत्त मास्तर चष्मा वर करून वाचायला लागले, "एड्सला... घाबरू... नका. अरेरे!" चष्मा काढून पुसला आणि आत गेले.

रात्री जेवायच्या आधीच घरमालक दारात. "साहेब, घाई काही नाही. पण खोली पुढच्या महिन्यात आमच्या पुतण्याला लागणार आहे."

"अहो, ऑफिसची गाडी आहे ती!"

"हो हो. ऑफिसचीच असणार."

सकाळी दूधवाली भांड्यात इतक्या उंचावरून दूध ओतायला लागली की निम्मं अंगणात. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं लांबूनच हात जोडले, "आज वस्तरा बोथट आहे, साहेब." आणि लहान भावाचा फोन, आई रडतेय म्हणून. आईनं फोन ओढून घेतला असावा, कारण साहेब ओरडत होते, "अगं आई, मला काही झालेलं नाही! गाडीला झालंय! गाडीला पण नाही! नुसता कागद आहे!"

मी खिडकीखाली उभा होतो. हसू दाबून दाबून माझं ऑइल गळायला लागलं.

मग आवाज बारीक झाला. बायको विचारत होती, "ऑफिसचीच आहे ना? खरं सांगा. असलं काही, तरी मी कुठं जाणार नाही, पण खरं सांगा."

"ऑफिसचीच आहे गं," साहेब म्हणाले. त्या घरात आजार नव्हता, निघाला असता तर सांभाळून घेणारी बायको होती, पगार होता, आणि तरी एका रात्रीत माणूस एवढासा झाला. मला वाटतं तेव्हा त्यांना तो अंडी खाणारा कोंबडीवाला आठवला असेल. नसेलही. मी काय, फटफटी.

थोड्या वेळानं ते बाहेर आले. एका हातात गरम पाण्याची बादली, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातलं उलथनं. बसले आणि खरवडायला लागले. रंग गेला, पत्रा दिसला, तरी थांबेनात. दुखत होतं हो, पण सांगतो, आयुष्यात कुणी एवढ्या प्रेमानं मला खरवडलं नव्हतं.

मास्तर गॅलरीतून म्हणाले, "आता पुसून काय उपयोग?"

"मास्तर, उपयोग आहे," साहेब म्हणाले, आणि किक मारली. त्या दिवशी मी पहिल्या लाथेत सुरू झालो.

आक्का चढावर भेटली. काठी टेकत, खांद्याला पिशवी. थांबली. माझ्याकडं बघितलं.

"स्टिकर कुठं गेला?"

"वाऱ्यानं उडाला."

"हं. वाऱ्याच्या हातात उलथनं होतं वाटतं."

"आक्का, टोमणे नंतर. चालवा तुम्ही, मला रस्ता माहीत नाही. त्या बाईला एका वेळी किती गोळ्या देता?"

"महिन्याच्या. तीन महिन्यांच्या द्या म्हणून डोकं फोडतेय मी. माझ्या फेऱ्या वाचतील, तुमचं पेट्रोल वाचेल."

"मग द्या."

"अन् नियम?"

"नियम आहे तसाच. बाई नीट गोळ्या घेत असेल तर तीन महिन्यांच्या देता येतात. मीच वाचला नव्हता."

गल्लीत शिरताना आक्कानं त्यांच्या गळ्यात आपली सुईदोऱ्याची पिशवी अडकवली. सासू दारातच होती.

"हा कोण?"

"नवा गडी ठेवलाय. मंद आहे जरा, सांभाळून घ्या."

सासूनं साहेबांच्या हातातलं रीळ ओढलं, दोरा ताणला, तटकन तोडला. "असला कच्चा दोरा? फसवायला आलास? आईबापांनी हेच शिकवलं?" साहेब घामाघूम. "मावशी, घ्या ना, पक्का आहे..." सगळी गल्ली जमली गंमत बघायला. आणि आत शिंपीण पुडा सोडून बाटल्या डब्यामागं ठेवत होती. शेवटची गोळी तिनं आदल्या संध्याकाळी घेतली होती. खंड पडला नाही.

साहेबांनी ते रीळ अर्ध्या भावात विकलं. आक्का अजून त्याचे पैसे मागते.

पथक आलं. गाडीवर स्टिकर का नाही, म्हणून विचारलं. साहेबांनी माझ्या पेटीचं झाकण उघडलं. आतून नवा लावला होता, नीट, चारी कोपरे चिकटवून. "नियमात दिसला पाहिजे एवढंच आहे. झाकण उघडलं की दिसतो." पथकानं झाकण उघडून फोटो काढला, चहा प्यायला, गेलं. आता रथ ऑफिसच्या मागं उभा असतो, त्याच्या भोंग्यात चिमण्यांनी घर केलंय. जागृती झालीच असेल तर चिमण्यांची. माझं पेट्रोल परत मिळालं. कोंबडीवाल्याकडं साहेब स्वतः दर आठवड्याला अंडी घ्यायला जातात, गावादेखत, आणि तिथंच उकडून खातात. गिऱ्हाईक हळूहळू परत येतंय. सगळं नाही आलेलं.

मी आता म्हातारा झालोय. क्लच घसरतो, दिवा मिचमिच्या डोळ्यानं बघतो. मला भंगारात काढायचं चाललंय. काढा. पण माझ्या जागी जे आणाल ते आवाजानं मोठं आणू नका, कामानं मोठं आणा. आणि टाकीवरच्या ओरखड्यांना रंग द्यायला एक माणूस मागं लागलाय, त्याला सांगा, हात लावलास तर चटका देईन.

शिंपिणीला मुलगी झाली. तपासण्या सगळ्या झाल्या, शेवटचीसुद्धा. पोरीला काही नाही. आता ती चालते, आणि मी गल्लीत आलो की "लेडा, लेडा" करत माझ्या अंगावर धावते. आजी ओरडते, "अगं भाजेल!"

भाजत नाही. आक्का आधी मला वेशीबाहेर सावलीत उभा करते, निववते, मगच आत नेते. एवढ्या एका पोरीसाठी मी तेवढा वेळ डोकं थंड ठेवतो.